उभी गाडी

अप्पांना तिसरा मजला चढायला पाच-सात मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो त्याच्या आधी. डायलिसिसहून परतलो की मी गाडी बिल्डिंगच्या भिंतीला लागून, विजेच्या खांबाच्या अलीकडे लावायची, हँडब्रेक ओढायची, उतरून पुढच्या चाकाला वीट लावायची. अप्पा पुढच्या डाव्या सीटवर तसेच बसून राहायचे. दार थोडं उघडं, डोकं मागे टेकलेलं, डावा हात एका छोट्या उशीवर. चार तास मशीनला लावलेला माणूस बाहेर येतो तेव्हा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा असतो. अंगातलं दोन-अडीच लिटर पाणी काढून घेतलेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, पोटऱ्यांत गोळे येत असतात. त्या अवस्थेत बावन्न पायऱ्या म्हणजे कळसूबाई. म्हणून ती पंधरा मिनिटं. घड्याळ लावून नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला की मला कळायचं. 'चल' म्हणायचे, आणि आम्ही जिन्याला लागायचो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळची पाळी. घरी यायला दहा-साडेदहा व्हायचे. त्या वेळी आमच्या रस्त्याला एक वेगळीच शांतता असते. समोरचा किराणावाला शटर अर्धं ओढतो, कुत्री गाड्यांखाली शिरून बसतात, आणि विठ्ठलवाडी स्टेशनात लोकल शिरल्याचा आवाज मधल्या बिल्डिंगांना वळसे घालत येतो. अप्पा डोळे मिटूनच सांगायचे, 'बदलापूर.' किंवा 'ही अंबरनाथच.' मी वेळापत्रकाशी कधी ताडून पाहिलं नाही. कल्याण सोडलं की कर्जतच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन आमचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी इथूनच सकाळची गाडी पकडली. मधे उल्हासनगर, मग अंबरनाथ. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ते फिटर होते. दोन स्टेशनांचा प्रवास, पण त्यासाठी पहाटे चारला उठणं त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही.

गाडी २०१३ ची वॅगनआर, आम्ही २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि सायकलशिवाय काही चालवलेलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, तो संध्याकाळी घरी असेलच असं नाही. सुरुवातीचे चार महिने अप्पांना रिक्षाने नेलं. पावसाळ्यात खड्ड्यांतून रिक्षा उसळते तेव्हा धडधाकट माणसाचाही जीव कंबरेत येतो. अप्पांच्या हाताला तर नुकत्याच दोन जाड सुया काढून पट्टी दाबलेली असायची. एकदा घरी पोहोचेपर्यंत शर्टाची बाही भिजली होती. रक्ताने. दुसऱ्याच दिवशी मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्यामुळे ती गाडी मला हौसेची वस्तू कधी वाटलीच नाही. घरातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यासारखी, औषधांच्या डब्यासारखी ती होती. रोज फडक्याने पुसायचे, पण कौतुकाने नव्हे. काळजीने.

आणि वीट. आमच्या रस्त्याला थोडा उतार आहे, गाडीचा हँडब्रेक जुना. कुणाच्या तरी बांधकामातून उरलेली एक पक्की वीट मी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेली असायची. 'लावलीस का वीट?' हा अप्पांचा ठरलेला प्रश्न. लावली म्हटलं की म्हणायचे, 'विटेवर उभं राहिलेलं हलत नाही.' त्यांच्या आजोबांची वारी होती. त्यांची स्वतःची नोकरीत राहून गेली, आणि आता हे आठवड्यातून तीनदाचं मशीन कुणाला पंढरपूरपर्यंत जाऊ देत नाही.

२४ जुलै २०२५. गुरुवार.

त्या दिवशी आषाढातली अमावस्या होती, दिव्याची अवस. दुपारी शाळेतून आले ती चिंच भिजत घालूनच. समई, निरांजनं, सासूबाईंच्या माहेरचा लामणदिवा, देवघरातली इटुकली पंचारती, सगळं घासलं. चिंचेने पितळ उजळतं त्यात एक क्षण असतो. काळपट पाणी बोटांवरून ओघळतं आणि खालून एकदम पिवळा रंग वर येतो. पाटाभोवती रांगोळी, पाटावर दिवे, कणकेत गूळ घालून केलेले उकडीचे दिवे, त्यांत तूप. सासूबाई गेल्यापासून ही पूजा मी करते. अप्पा आरामखुर्चीत बसून वातींची संख्या मोजतात.

त्याच दिवसाला लोक गटारी म्हणतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून चिकन-मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा असतात. आमच्या बिल्डिंगमधलीही अर्धी घरं त्या रांगेत असतात आणि संध्याकाळी जिन्यात वाटणाचा खमंग वास कोंडतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. महिनाभर वर्ज्य करायचं ते आधी मनसोक्त खावं, यात माणसाचा साधा लोभ आहे, आणि तो मला आवडतो. पिण्याबद्दलही मी सरसकट बोलत नाही. मी बोलते आहे ती चावीबद्दल. ग्लास खाली ठेवल्यावर तोच हात खिशात जाऊन गाडीची चावी शोधतो, त्या हाताबद्दल.

पावणेअकराला पाच मिनिटं कमी होती. पाऊस भुरभुरत होता. आधी टायर घासल्याचा आवाज आला नाही, ब्रेकचा नाही, हॉर्नचा नाही. नुसता एक धडाका, त्याच्या पाठोपाठ पत्रा चुरगळल्याचा लांबलेला आवाज, आणि लगेच सगळीकडे अंधार. पंखा फिरत फिरत मंद झाला. घरात उजेड राहिला तो फक्त पाटावरच्या दिव्यांचा. त्या उजेडात मी अप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत होते. मी स्वतःशी, ओठ न हलवता, म्हटलं: आज गुरुवार आहे.

खाली उतरताना मोबाइलची बॅटरी लावायचंही सुचलं नाही. रस्त्यावर माणसं जमली होती. एका मोठ्या, पांढऱ्या गाडीचं तोंड आमच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात घुसलं होतं. धक्क्याने आमची गाडी पुढे आणि डावीकडे फेकली गेली होती, आणि विजेचा खांब तिच्या पुढच्या डाव्या दारात रुतला होता. खांबावरची वायर खाली लोंबत होती. 'हात लावू नका' म्हणून कुणी ओरडत होतं. कुणाच्या तरी मोबाइलचा झोत जमिनीवर पडला. पुढच्या चाकाखालून एक लाल ओघळ निघून उताराने गटाराकडे चालला होता.

ती वीट होती. चाकाखाली तिचा भुगा झाला होता आणि पावसाने तो धुऊन निघत होता. हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागले असतील. त्या सेकंदांबद्दल मला काही लिहिता येत नाही.

मुलगा पंचविशी-सत्ताविशीचा. त्याच्या गाडीतली एअरबॅग फुगून पुन्हा लोळागोळा होऊन पडली होती आणि त्याला साधं खरचटलंही नव्हतं. लोकांनी त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं होतं, दोन-तीन कानाखाली पडल्याही होत्या. मी मधे गेले. तेव्हा त्याची दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला फक्त तो शुद्धीत, दोन पायांवर, पोलीस येईपर्यंत तिथे हवा होता. तो माझ्याकडे पाहून पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, 'सॉरी मॅडम, जास्त झाली. जास्त झाली, मॅडम.'

त्या वाक्याने मला पुढचे कित्येक दिवस झोपू दिलं नाही. जास्त झाली. पाऊस जास्त झाला म्हणतो तसं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणतो तसं. या वाक्यात दारू आहे, पण पिणारा कुठेच नाही. आपल्या भाषेने या बाबतीत माणसाची किती सोय करून ठेवली आहे ते त्या रात्रीपासून मला ऐकू यायला लागलं. चढली. लागली. जरा लावली होती. बसणं झालं. आणि गाडीचंही तेच: गाडी ठोकली गेली, गाडी लागली, कंट्रोल सुटला. कर्ता गाळून अख्खा अपघात सांगता येतो. चौकीत टेबलाशी बसलेल्या हवालदारांनी मात्र कागदावर लिहिलं, 'सदर इसमाने मद्यप्राशन करून...' जुनाट, सरकारी वाक्य, पण त्यात 'इसमाने' होतं. त्या तृतीयेच्या प्रत्ययाने मला त्या रात्री जितका धीर दिला तितका कुणाच्या सांत्वनाने दिला नाही.

सांत्वनं पुष्कळ झाली. 'जिवावरचं गाडीवर निभावलं.' 'माणसाला काही झालं नाही ना, मग गाडीचं काय एवढं!' 'उभ्या गाडीत कोण होतं? कोणी नव्हतं, सुटलात.' बोलणाऱ्यांचा जिव्हाळा खरा होता, पण प्रत्येक वेळी माझ्या आत काहीतरी ताठ होत गेलं. कोणी नव्हतं, हे खरं. पण कोणी नव्हतं यात त्या मुलाचं काय होतं? त्याने काही सीट रिकामी पाहून गाडी वळवली नव्हती. तो बुधवारी प्यायला असता तरी असाच आला असता. शुक्रवारी आला असता तरी असाच. गुरुवार आमचा होता. त्याचं श्रेय आपण सगळे मिळून त्याच्या खात्यात जमा करत होतो, आणि त्यातून त्याचा गुन्हा उणे करत होतो.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दुःख झालं की मी हिशेब करत बसते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. शुद्धीतल्या माणसाचा पाय ब्रेकवर जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून प्यायलेल्याचा अर्धा सेकंद उशिरा गेला असं धरा, तरी गाडी ७ मीटर पुढे आलेली असते. त्या मुलाचा तर पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. रस्त्यावर टायरची एक रेघ नव्हती. तरी रविवारी सकाळी मी खांबापासून पावलं मोजत उलटी चालत गेले. सात मीटर म्हणजे आमच्या गेटपासून किराणावाल्याच्या पायरीपर्यंत. एवढ्या जागेत संध्याकाळी मुलं बॅडमिंटन खेळतात. फूल फेकणारा फूल फेकतो, समोरचा झेलायला पुढे येतो, तेवढी जागा.

दुसरा हिशेब वेळेचा. मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम सांगतं की रक्तात दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. त्या रात्री गटारी असल्यामुळे अशी आणखीही माणसं आणली जात होती, आणि मुलाने नळीत फुंकलं तेव्हा सव्वा वाजून गेला होता. यंत्राने ९६ दाखवलं. शरीर साधारण दर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास निचरा करतं. अडीच तास मागे गेलं की आकडा १३० च्या पुढे जातो. पावणेअकराला आमच्या रस्त्याने जे आलं ते हे होतं. आणि म्हणूनच वेळ महत्त्वाची असते. तपासणीला होणारा प्रत्येक तास उशीर गुन्हा विरघळवत नेतो. 'चला, आपण इथेच मिटवू,' असं म्हणत तासभर रस्त्यावर ताटकळत ठेवणाऱ्याला हे ठाऊक असो वा नसो, त्याचा परिणाम तोच. कुणावर अशी वेळ आली तर एवढंच सांगेन: आधी पोलिसांना बोलवा, गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा, आणि चाचणी कधी झाली ती वेळ कागदावर लिहून घ्या. बाकी सगळं नंतर.

उभ्या असलेल्याचा गुन्हा काय, या प्रश्नापाशी मी परत परत येते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे मजूर झोपले होते, रस्त्याचंच काम करणारे. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क सापडला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली ती २०१२ मध्ये. तेव्हा मी बातमी वाचली आणि पान उलटलं. आता वाटतं, ते मजूर कुठेच जात नव्हते. रस्ता ओलांडत नव्हते, घाईत नव्हते, कुणाच्या आडवे आले नव्हते. ते दिवस संपवून आडवे झाले होते. आणि पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ची ती रात्र, दोन तरुण इंजिनिअर दुचाकीवर होते. त्यात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट जामिनाला घातली गेली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्या संतापल्या होत्या. मीही होते त्यात. पण तो संताप दोन जीव गेले म्हणून होता. ते दोघं त्या चौकातून अर्धा मिनिट आधी निघून गेले असते, तर तीच गाडी, त्याच वेगाने, रिकाम्या रस्त्यावरून गेली असती, आणि आपल्यापैकी कुणालाही काहीही कळलं नसतं. चालवणारा तेव्हाही तोच असता.

शुक्रवारी सकाळी मुलाची आई आली. बरोबर मामा होता. अप्पांचा डायलिसिसचा दिवस. मी रिक्षा कुठली मिळेल, कोण बरोबर येईल या विवंचनेत. बाई दारातच रडायला लागल्या. मी पाणी दिलं. मुलगा भिवंडीकडे कुठल्याशा गोदामात सुपरवायझर आहे, गाडी मित्राची आहे, लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना कळलं तर मोडेल. मामा म्हणाले, 'मॅडम, गाडीचा सगळा खर्च आम्ही देतो. आहे त्यापेक्षा चांगली गाडी उभी करून देतो. तक्रार तेवढी मागे घ्या.' बाई म्हणाल्या, 'तो तसा सोन्यासारखा आहे हो, ताई. कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी मित्रांनी जबरदस्ती केली आणि जास्त झाली.'

पैशाची आम्हाला गरज नव्हती असं नाही. चांगलीच होती. गाडीच्या विम्याची घोषित किंमत आता जेमतेम १ लाख ३५ हजार उरली होती. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमावाले गाडी 'टोटल लॉस' धरतात, हे मला नंतर गॅरेजमध्ये समजलं, पण मोठा खड्डा पडणार हे तेव्हाही दिसत होतं. मी त्या बाईंच्या हातांकडे पाहत होते. नखांत पीठ होतं. सकाळच्या पोळ्या टाकून तशाच आल्या असाव्यात. त्यांना मी नाही म्हणाले. फार हळू म्हणाले, पण नाहीच म्हणाले. सांगितलं की विम्याचं काय ते विमा बघेल, तुमचे पैसे मला नकोत. पण जे घडलं ते कागदावर राहू दे. तो माझ्या गाडीला भेटला म्हणून आज तुम्ही त्याला घरी जेवायला वाढू शकता. पुढच्या वेळी कुणाला भेटेल, मला माहीत नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, 'गाडीत कोण बसतं तुमच्या?' मी आतल्या खोलीकडे पाहिलं. अप्पा पलंगावर बसून पाणी पीत होते. दिवसभराचं पाणी त्यांना एक लिटरच्या बाटलीत मोजून मिळतं. औषधाच्या गोळीला किती, जेवणाला किती, घशाला कोरड पडली तर किती, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो ते एका घोटाने चुकू देत नाहीत. बाईंनी ते पाहिलं. मग काही बोलल्या नाहीत. जिना उतरताना मामांचा आवाज चढलेला ऐकू आला, त्यांचा नाही.

शनिवारी गाडीतलं सामान काढायला मी खाली गेले. डाव्या दाराची काच फुटून सगळी सीटवर सांडली होती. या काचेचे सुरे होत नाहीत, बारीक चौकोनी खडे होतात, खडीसाखरेसारखे. उशी तिथेच होती, दार आणि सीट यांच्या मधे, जिथे अप्पांचा डावा हात टेकतो. त्या हाताच्या मनगटावर नस आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला आहे. त्यावर हलके बोट ठेवलं तर मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर घड्याळ बांधायचं नाही, झोपेत तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. गेली चार वर्षं आमचं घर त्या हाताभोवती फिरतं. उशी अर्धी झाली होती. तिच्या अभ्र्यात काचेचे खडे शिरले होते. मी ती झटकून पाहिली, मग पुन्हा झटकली, आणि तरी हात फिरवला की टोचत होतं.

माझ्या पर्समध्ये शाळेची तीस सेंटीमीटरची पट्टी होती. दार मूळ रेषेपासून किती आत आलं ते मी मोजलं. चोवीस.

वर आल्यावर अप्पांनी विचारलं, 'किती आत आलंय?' ज्या माणसाने उभं आयुष्य व्हर्नियर हातात धरून काढलं, जिथे सुईच्या टोकाएवढी चूकही तुकडा बाद करायची, तो दुसरं काय विचारणार. मी म्हटलं, 'असेल आठ-दहा सेंटीमीटर. पत्रा आहे, दिसतं जास्त.' ते काही बोलले नाहीत.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात असताना ते एकटेच खाली उतरले. किराणावाल्याने हाक मारली म्हणून कळलं. धावत गेले तर अप्पा चुरगळलेल्या दारापाशी वाकले होते, उजवा हात आत घालून. अंगठा मूळच्या चौकटीच्या कडेला, करंगळी आत आलेल्या पत्र्याच्या टोकाला. वीत पूर्ण ताणलेली होती. त्यांनी हात तसाच ताणलेला बाहेर काढला, आपल्या छातीला डाव्या बाजूने लावला आणि करंगळी कुठे येते ते पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'आठ नाही गं.'

मी त्यांचा हात धरला. जिना चढताना तीन ठिकाणी थांबलो.

पुढच्या गोष्टी कागदांच्या. पंचनामा, सर्व्हेयर, चॅसिस वाकल्याचा गॅरेजवाल्याचा शेरा, 'ताई, हे डेंटिंग-पेंटिंगचं काम नाही.' टोटल लॉस झाली. आरसी जमा केली. गाडी टो करून नेली त्या दिवशी मी शाळेत होते, मुद्दामच. केस चालू आहे. तारखेला जाते तेव्हा मुलगा दिसतो. खाली मान घालून उभा असतो, आणि त्याची आई मला नमस्कार करते. मीही करते. त्याला सक्तीने गजाआड टाका असं मला आतून कधी वाटत नाही. एकदा तरी त्याने 'जास्त झाली' न म्हणता 'मी प्यायलो आणि चालवली' असं म्हणावं, याची मात्र मी वाट पाहते आहे.

आमच्या रस्त्यावर गाडी लावायच्या जागेवरून काय भांडणं होतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. रात्री नवानंतर आलेला माणूस दोन-दोन चकरा मारतो. तरीही महिना झाला, दीड महिना झाला, खांबाच्या अलीकडची आमची जागा कुणी घेतली नाही. कुणी ठरवलं, कुणी कुणाला सांगितलं, मला माहीत नाही. नवा खांब उभा राहिला, त्याच्या बुडाशी सिमेंटचा ओटा केला गेला, आणि एका बुधवारी आम्ही रिक्षातून उतरलो तर तिथे भिंतीला टेकवून एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली. किराणावाला म्हणाला, 'अप्पांसाठी. गाडी नाही, तर बसतील कुठे?'

अप्पा बसले. मी म्हटलं, 'खुर्ची गेटच्या आत घेऊया, अप्पा. रस्त्यावर नको.' ते म्हणाले, 'आत वारा लागत नाही.' त्यांनी डोकं भिंतीला टेकलं, डावा हात नव्या उशीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी पुन्हा म्हटलं नाही.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार हे असंच चालतं. अप्पा खुर्चीत बसतात आणि मी त्यांच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला उभी राहते. वळणावरून दिवे आले की किराणावाल्याच्या पायरीकडे बघते. ते दिवे पायरी ओलांडून सरळ पुढे गेले की श्वास सोडते. पाठीमागे स्टेशनात एक गाडी शिरते.

'अंबरनाथ,' अप्पा म्हणतात.